सिनाईनंतरचे चिलखत

रणगाड्याचे चिलखत म्हणजे जाड पोलादी पत्रा, ही समजूत दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतांशी खरी होती. एखाद्या रणगाड्याचा बचाव कितपत भक्कम आहे हे सांगायला त्या काळी पत्र्याची जाडी आणि त्याचा उतार हे दोनच आकडे पुरत. सोव्हिएत टी-३४ या रणगाड्याच्या पुढच्या अंगाचे पोलाद अवघे ४५ मिलिमीटर जाडीचे होते. पण ते उभ्या रेषेपासून ६० अंशांनी कललेले असल्यामुळे समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्यातून ९० मिलिमीटरची वाट कापावी लागे, आणि कित्येकदा गोळा उतारावरून घसरून निघूनही जाई. याहून अधिक बचाव हवा असेल तर जाडी वाढवणे आले, आणि जाडी वाढली की वजन वाढते, इंजिन अपुरे पडते, पूल भार सोसत नाहीत, मऊ जमिनीत पट्टे रुततात. त्यामुळे प्रत्येक रणगाड्याच्या आराखड्यात वजनाची वाटणी करावी लागते: सर्वांत जास्त पोलाद समोर, त्याहून बरेच कमी दोन्ही कुशींना, आणि पाठ, तळ व छप्पर यांच्या वाट्याला उरलेसुरले. गेल्या साठ वर्षांत चिलखताचे पदार्थ बदलले, त्याची कामाची रीत तर पार पालटली. ही वाटणी मात्र कोणालाच टाळता आली नाही, आणि शत्रूने नेहमी वाटणीत जिथे कमी पडले तिथेच घाव घातला.

भारतीय वाचकाला याचे उदाहरण १९६५च्या युद्धात सापडते. त्या वर्षी ८ ते १० सप्टेंबर या दिवसांत पंजाबातील खेमकरणजवळच्या असल उत्तर गावाच्या परिसरात पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे भारतीय फळीवर चालून आले. पाणी सोडून भिजवलेल्या शेतांत ते अडखळले आणि उभ्या पिकाच्या आडोशाने तीन बाजूंनी झालेल्या माऱ्यात सापडले. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने, म्हणजे गोळा सुटताना मागून वायू सोडून धक्का नाहीसा करणाऱ्या हलक्या तोफेने, एकामागून एक पॅटन फोडणारे चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद याच लढाईत धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. चाळीसपंचेचाळीस टनांचा पॅटन जीपवरच्या तोफेपुढे टिकला नाही, याचे श्रेय हमीद यांच्या धैर्याला आणि जागेच्या निवडीला आहेच. पण त्या तोफेच्या गोळ्यात जे तत्त्व दडले होते त्यालाही आहे.

ते तत्त्व पोकळ स्फोटकाचे. स्फोटकाच्या गोळ्याला समोरून शंकूच्या आकाराची खळगी ठेवली तर स्फोटाची शक्ती त्या दिशेला एकवटते, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. अमेरिकेत चार्ल्स मन्रो याने १८८८मध्ये त्याचे प्रयोग केले होते. मात्र खळगीला आतून तांब्यासारख्या धातूचे पातळ अस्तर लावले की परिणाम अनेक पटींनी वाढतो, ही गोष्ट १९३०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्झ थोमानेक आणि हेन्री मोहाउप्ट यांच्या स्वतंत्र कामांतून पुढे आली. स्फोट होताच ते अस्तर सेकंदाच्या काही लाखाव्या भागांत मिटते आणि त्यातून धातूचा एक बारीक, लांब झोत निघतो, ज्याच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ ते दहा किलोमीटर असतो. हा झोत चिलखत वितळवून आत जातो असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, पण ते चूक आहे. इतक्या वेगाच्या आघातात निर्माण होणारा दाब पोलादाच्या ताकदीच्या कितीतरी पलीकडचा असल्याने पोलाद थंड असतानाच द्रवासारखे वागते, आणि नळीतून जोरात सोडलेले पाणी चिखलात भोक पाडत जावे तसा झोत त्याला बाजूला सारत पुढे सरकतो. अशा वेळी पोलाद किती कठीण आहे याला फारसा अर्थ राहत नाही. झोताची लांबी आणि दोन्ही पदार्थांच्या घनतांचे गुणोत्तर यांवरच भोकाची खोली ठरते. या शेवटच्या वाक्यात पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे, कारण कठीणपणा निरुपयोगी ठरला तर जाड पोलादाचे महत्त्वच संपते.

युद्धोत्तर आराखडेकारांनी त्याचा एक निष्कर्ष काढलाही. १९६०च्या दशकात पश्चिम जर्मनीचा लेपर्ड-१ आणि फ्रान्सचा एएमएक्स-३० हे रणगाडे तयार झाले, ते जवळजवळ हार मानूनच. पोकळ स्फोटकापुढे कोणतेही सोसवेल इतके पोलाद पुरणार नसेल, तर ते वाहून नेण्यात काय हशील, असा विचार करून त्यांचे चिलखत मुद्दाम पातळ ठेवले गेले आणि वेग, चपळाई व तोफेची अचूकता यांवर भिस्त ठेवली गेली. तर्काच्या अंगाने हा विचार चोख होता, पण तो रणगाड्यात बसणाऱ्या चौघांना कितपत दिलासा देणारा होता हे वेगळे सांगायला नको.

या विचाराची कसोटी दुसऱ्याच रणगाड्यांवर, सिनाईच्या वाळवंटात लागली. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी इजिप्तच्या फौजा सुएझ कालवा ओलांडून पूर्व तीरावर उतरल्या, तेव्हा पहिल्या लाटेतल्या पायदळापाशी सोव्हिएत बनावटीची ‘माल्युत्का’ क्षेपणास्त्रे होती, जी पाश्चात्त्य जगात ‘सॅगर’ या नावाने ओळखली जातात. सुमारे अकरा किलो वजनाचे हे क्षेपणास्त्र एका सुटकेसवजा पेटीतून पाठीवर नेता येई. पेटीचे झाकणच त्याचा तळ होई. ते जमिनीवर मांडून सैनिक काही मीटर दूर खड्ड्यात आडवा होई, दुर्बिणीला डोळा लावी आणि एका लहानशा दांड्याने, मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून संकेत पाठवत, क्षेपणास्त्र लक्ष्यापर्यंत हाकत नेई. तीन किलोमीटरचे अंतर कापायला त्याला जवळपास पंचवीस सेकंद लागत, आणि तेवढा वेळ डोळा न लवता त्याचा माग ठेवणे हे विलक्षण कौशल्याचे काम असल्याने इजिप्तने आपल्या निवडक सैनिकांकडून त्याचा अफाट सराव करून घेतला होता. त्याचा झोत चारशे मिलिमीटरहून अधिक पोलाद भेदत असे, आणि इस्रायलकडील सेंच्युरियन रणगाड्याच्या बुरुजाचे, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या वरच्या भागाचे, समोरचे पोलाद सुमारे दीडशे मिलिमीटर होते. या दोन आकड्यांपुढे टीकेची गरज नाही.

१९६७च्या अरब-इस्रायल युद्धातील विजयाने हुरळलेले इस्रायली रणगाडे पायदळ व तोफखाना यांची पुरेशी साथ नसताना कालव्याकडे धावले आणि ८ ऑक्टोबरच्या प्रतिहल्ल्यात त्यांची दाणादाण उडाली. असाफ यागुरी हा बटालियन-प्रमुख इजिप्तच्या हाती कैद झाला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी रणगाड्याचा मृत्यू जाहीर करून टाकला. नंतरच्या बारकाईच्या अभ्यासांत सॅगरचा वाटा पहिल्या बातम्यांवरून वाटला होता त्याहून कमी असल्याचे दिसले, आणि खांद्यावरून डागायच्या आरपीजी-७ने व विरोधी रणगाड्यांनीही मोठे नुकसान केले होते. इस्रायली चालकदलांनी काही दिवसांतच सॅगर सुटताना उठणारा धुरळा हेरून तिकडे गोळीबार करण्याची आणि तोवर वाकडेतिकडे पळण्याची युक्ती आत्मसात केली. पण युक्तीने वेळ निभावते, प्रश्न सुटत नाही. आणि पायी चालणाऱ्या एका सैनिकाला तीन किलोमीटरवरून रणगाडा मारता येतो, ही गोष्ट काही खोटी ठरली नव्हती.

गंमत अशी की या प्रश्नाचे एक उत्तर तेव्हा इंग्लंडमध्ये तयार होऊन बरीच वर्षे झाली होती. सरे परगण्यातील चॉबम येथील लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेत गिल्बर्ट हार्वी यांच्या गटाने १९६०च्या दशकात एक नवे संमिश्र चिलखत घडवले होते. त्याचे गुप्त नाव ‘बर्लिंग्टन’. १९७६मध्ये त्याचा उच्चार जाहीरपणे झाला तेव्हापासून वर्तमानपत्रांनी त्याला ‘चॉबम’ म्हणायला सुरुवात केली. त्याची नेमकी घडण आजही गोपनीय आहे, पण तत्त्व पुरेसे उघड झाले आहे. झोताच्या बाबतीत वजनाच्या मानाने हलके पदार्थ पोलादापेक्षा सरस ठरतात, हे घनतेच्या नियमातूनच निघते. परंतु हार्वी यांच्या चिलखताचे मर्म त्याहून खोल होते. पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये रबर किंवा प्लास्टिकसारखा पदार्थ कोंबून अशी अनेक सँडविचे मोकळ्या जागा ठेवत तिरपी लावली, तर झोत शिरताच मधला पदार्थ दाबाने फुगतो, पत्रे बाहेरच्या अंगाला उसळतात आणि झोताच्या मार्गात आडवे सरकत त्याला कापत राहतात. झोताची सगळी शक्ती त्याच्या सरळ, अखंड लांबीत असते. तो वाकला, तुटला, त्याचे तुकडे एका रेषेतून ढळले की मागच्या तुकड्याला पुढच्याने पाडलेले भोक सापडत नाही. चिलखताने झोताला थोपवून धरायचे ही जुनी कल्पना इथे संपली. आता त्याला बिघडवायचे होते.

याच्या जोडीला सिरॅमिकचाही उपयोग होऊ लागला. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडची फरशी पोलादापेक्षा हलकी पण कितीतरी कठीण असते. ती आघाताने फुटते खरी, पण घट्ट कोंडलेली असेल तर तिचा चुरा बाहेर उधळत नाही आणि भोकात परत घुसून झोताला किंवा गोळ्याला झिजवत राहतो. एका आघाताने सगळे चिलखत तडकू नये म्हणून फरश्या लहान ठेवून वेगवेगळ्या कोंडाव्या लागतात. अशा चिलखताला जागा फार लागते आणि त्याच्या ठोकळ्यांना गोलाई देणे अवघड असते, म्हणूनच १९७९मध्ये सेवेत आलेल्या लेपर्ड-२चा आणि १९८०मधल्या अमेरिकी एम-१ अब्राम्सचा बुरूज पॅटनसारखा घुमटाकार न राहता सपाट, कोनेदार झाला. लेपर्ड-१च्या पातळ पत्र्यांनंतर पंधरा वर्षांच्या आत त्याच जर्मनीने पंचावन्न टनांचा रणगाडा काढला, हे मत कसे पालटले याचे पुरेसे चिन्ह आहे.

सोव्हिएत संघ या वाटेवर काही बाबतींत पश्चिमेच्या पुढे होता, ही गोष्ट पाश्चात्त्य ग्रंथांत पुष्कळदा ओझरती येते. खारकीवमध्ये अलेक्सांद्र मोरोझोव यांनी आखलेल्या टी-६४च्या पुढच्या उतारात १९६०च्या दशकातच ८० मिलिमीटर पोलाद, त्यामागे १०५ मिलिमीटर काचतंतूंचा फायबरग्लास आणि त्यामागे २० मिलिमीटर पोलाद अशी रचना होती, आणि हा सारा थर ६८ अंशांनी कललेला असल्याने समोरून पाहता त्याची जाडी अर्ध्या मीटरहून अधिक भरे. सुरुवातीच्या टी-७२मध्येही हीच मांडणी होती. एवढे करून टी-७२ चाळीस-एक टनांतच बसवला गेला, त्यासाठी गोळे भरणारा चौथा माणूस काढून यंत्र बसवले गेले, आणि गोळे व दारूगोळ्याच्या नळ्या बुरुजातल्या दोघा सैनिकांच्या पायांखाली गोलाकार रचल्या गेल्या. वजन वाचले, त्याची किंमत पुढे कुशी फुटल्यावर बुरूजच हवेत उडण्याच्या रूपाने मोजावी लागली.

१९८२च्या जूनमध्ये इस्रायलने लेबनॉनवर चढाई केली, तेव्हा त्याचे जुने पॅटन आणि सेंच्युरियन अंगावर लहान लहान पोलादी पेट्या बोल्टने जोडून आले होते. ‘ब्लेझर’ नावाची ही नवी चिलखते राफाएल या इस्रायली संस्थेने बनवली होती आणि त्यांच्या मुळाशी मानफ्रेड हेल्ड या जर्मन शास्त्रज्ञाचे काम होते. १९६७च्या युद्धानंतर इस्रायलमध्ये मोडक्या रणगाड्यांवर पोकळ स्फोटकांच्या चाचण्या करत असताना, आत शिल्लक राहिलेला दारूगोळा फुटला की झोताचा परिणाम बिघडतो, असे हेल्ड यांच्या ध्यानात आले, आणि १९७०मध्ये त्यांनी त्या कल्पनेचे पेटंट घेतले. पेटीत पोलादाच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये स्फोटकाचा थर असतो. झोत आदळताच तो थर फुटतो, दोन्ही पत्रे उलट दिशांना फेकले जातात आणि पेटी तिरपी बसवलेली असल्याने झोताच्या मार्गात सतत नवे पोलाद येत राहून तो चिरफाळतो. बंदुकीच्या गोळीने किंवा आगीने फुटणार नाही असे बधिर स्फोटक त्यासाठी निवडावे लागते. एक-दीड टनाच्या भरीने निम्म्याहून अधिक भेदनशक्ती उडवून लावणारे हे स्फोटक प्रतिक्रियाशील चिलखत स्वस्तात स्वस्त होते. त्याचे दोष म्हणजे फुटलेली पेटी पुन्हा कामाची नसते, आणि तिच्या जवळून चालणाऱ्या आपल्याच पायदळाला ती जीवघेणी ठरते.

१० आणि ११ जूनच्या दरम्यान बेका खोऱ्यातील सुलतान याकूब येथे इस्रायली तुकडी सिरियाच्या वेढ्यात सापडली आणि ब्लेझर लावलेला एक पॅटन सिरियाच्या हाती पडून मॉस्कोस रवाना झाला. सोव्हिएत संशोधकांना ही कल्पना अपरिचित नव्हती; नोवोसिबिर्स्क येथे बोगदान वोइत्सेखोव्स्की यांनी तिच्यावर पूर्वीच काम केले होते, पण चालकदलाच्या पुढ्यात स्फोटके टांगण्याची गोष्ट लष्करातल्या वरिष्ठांना रुचत नव्हती. लेबनॉनने ती नड दूर केली. १९८३मध्ये ‘कोंताक्त-१’ स्वीकारले गेले आणि पूर्व जर्मनीतील सोव्हिएत रणगाडे पेट्यांनी मढू लागले, तेव्हा नाटोची हजारो क्षेपणास्त्रे एका फटक्यात कमकुवत झाली. त्यावरचा उतारा म्हणून एकामागे एक अशी दोन पोकळ स्फोटके असलेली, पहिल्याने पेटी फोडून दुसऱ्याने चिलखत भेदणारी क्षेपणास्त्रे आली. १९८५चे ‘कोंताक्त-५’ त्याहून जड पत्र्याचे होते आणि ते दुसऱ्या शत्रूसाठी होते: टंगस्टन किंवा डिप्लिटेड युरेनियमची, सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी, शेपटीला पंख असलेली बारीक सळई, जी रणगाड्याच्या तोफेतून सुटते आणि नळीबाहेर पडताच आपले वेष्टन टाकून देते. तिच्यात स्फोटक नसते, म्हणून तिला तिरप्या जाड पत्र्याने मोडणे किंवा वाकवणे हाच मार्ग.

भारतात या साऱ्याची कामे दोन शहरांत वाटली गेली. टी-७२ भारतात ‘अजेय’ या नावाने आवडीच्या कारखान्यात तयार होऊ लागला, आणि त्याच्यासाठीचे प्रतिक्रियाशील चिलखत पुण्यात, स्फोटकांवर काम करणाऱ्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीत विकसित झाले. हैदराबादच्या कांचनबागमधील संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने ‘अर्जुन’साठी संमिश्र चिलखत घडवले, ते ‘कांचन’. पण अर्जुनाची कहाणी चिलखताच्या गुणापेक्षा वजनाभोवतीच अधिक फिरत राहिली. अठ्ठावन्न टनांवरून सुधारित आवृत्तीत तो सुमारे अडुसष्ट टनांवर गेला, आणि कालव्यांनी विणलेल्या पंजाबात त्याला कोणते पूल पेलतील, हा प्रश्न चिलखताच्या यशापेक्षा मोठा ठरला. भारतीय चिलखती दलाच्या अधिकाऱ्यांना अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) प्रशिक्षण केंद्रात १९४८पासून शिकवले जाते; तेथील रणगाडा संग्रहालयात ओळीने उभी असलेली जुनी वाहने पाहिली, तरी वजन आणि जाडी यांचा हा झगडा नजरेत भरतो.

समोरच्या बाजूचा प्रश्न असा सुटत आला असताना, ३१ डिसेंबर १९९४ रोजी रशियन स्तंभ चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीत शिरले. चेचेन लढवय्यांनी तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून, जिथवर रणगाड्याची तोफ खाली किंवा वर वळू शकत नव्हती तिथून, आरपीजी डागले. ते कुशींवर, पाठीवर आणि छपरावर. अनेक टी-८० आणि टी-७२ रणगाड्यांवर पेट्या होत्या, पण त्यांत स्फोटकच भरलेले नव्हते. मायकॉपच्या १३१व्या ब्रिगेडचे बहुतेक रणगाडे रेल्वे स्थानकाच्या परिसरात नष्ट झाले. यात शास्त्राचा पराभव शोधण्यात अर्थ नाही. ज्या दिशेला संरक्षण ठेवलेच नव्हते, तिथून मार बसला.

या त्रुटीवर तोडगा म्हणून, येणारे अस्त्र चिलखताला लागण्यापूर्वीच हवेत फोडणाऱ्या सक्रिय संरक्षण प्रणाली पुढे आल्या. त्यांतली सोव्हिएत ‘द्रोझ्द’ १९८०च्या दशकात टी-५५वर बसवली गेली होती. परंतु लहान रडारांनी चौफेर नजर ठेवून नेमक्या बिंदूवर मारा करणारी इस्रायली ‘ट्रॉफी’ ही युद्धात सिद्ध झालेली पहिली प्रणाली म्हणावी लागेल. १ मार्च २०११ रोजी गाझा पट्टीच्या सीमेलगत तिने एका मर्कावा-४ रणगाड्याकडे आलेला आरपीजीचा मारा परतवला.

मात्र वाटणीतली सर्वांत उघडी जागा छपराचीच राहिली. १९९६पासून अमेरिकी सैन्यात असलेले ‘जॅवलिन’ क्षेपणास्त्र वर चढून उभे छपरावर उतरते, जिथे पोलाद काही सेंटिमीटरचेच असते. २०२१च्या अखेरीस रशियन रणगाड्यांच्या बुरुजांवर लोखंडी सळयांचे मांडव दिसू लागले तेव्हा त्यांची जगभर टर उडाली, आणि जॅवलिनपुढे ते खरोखरच कुचकामी होते. पण २०२३नंतर युक्रेनच्या आघाडीवर काही किलोंचे स्फोटक वाहणारे, चालकाच्या डोळ्यांवरच्या पडद्यातून हाकले जाणारे स्वस्त ड्रोन थव्यांनी येऊ लागले, तेव्हा तेच मांडव युक्रेनला मिळालेल्या अब्राम्सवर चढले, आणि ऑक्टोबर २०२३नंतर गाझात शिरणाऱ्या मर्कावांवरही. २०२४मध्ये रशियन कारागिरांनी याची हद्दच केली: काही रणगाडे त्यांनी पत्र्याच्या अवजड छपरीत सर्व बाजूंनी बंद केले आणि सुरुंग पेरलेल्या वाटेवर तुकडीच्या पुढे धाडले. अशा कासवांनी डझनभर ड्रोनचे मार खाऊन पुढे सरकल्याची चित्रफीत पाहायला मिळते. मात्र छपरीमुळे त्यांचा बुरूज फिरत नाही, चालकाला समोरच्या फटीपलीकडचे दिसत नाही, आणि तोफेने ज्या दिशेला तोंड करून निघावे त्याच दिशेला शेवटपर्यंत राहावे लागते.